तीन पत्तीवाल्यांनी इथे जपून

‘तीन पत्ती येते ना, मग पोकर दहा मिनिटांत येईल’ हे काही खरं नाही. खरा घोळ तिथेच होतो.

टेक्सस होल्डेममध्ये (पोकरचा एक प्रकार) हातात दोन पानं, टेबलावर उघडी पाच (आधी तीन, मग एकेक). सातांतली उत्तम पाच धरायची. बेटिंगच्या चार फेऱ्या. इतकंच.

माझी फजिती ऐका. हातात इस्पिकची अठ्ठी, किलवरची नव्वी. टेबलावर बदामची दश्शी, गुलाम, तिर्री, चौकटची राणी, किलवरची चव्वी. अठ्ठी ते राणी सिक्वेन्स! मी सगळे चिंचोके पुढे सरकवले (हो, चिंचोकेच). समोरच्या मावशींनी बदामची पंजी आणि सत्ती शांतपणे उलटी केली. कलर, म्हणजे पाचही पानं बदामची! तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर, मी जिंकलो असतो, पोकरमध्ये कलर वरचढ.

कारण साधं आहे, जे दुर्मिळ ते भारी. तीन पानांत साधे सिक्वेन्स (सगळी पानं एकाच रंगाची नसलेले) ७२० प्रकारे बनतात आणि कलर १०९६ प्रकारे. पाच पानांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५१०८. आणि तीन एक्के आले म्हणून उड्या मारू नका, पोकरमध्ये साधा सिक्वेन्सही त्यांना खातो.