मदत हवी आहे: चष्मा असेल तर बीए सेटचा (धुरात श्वास घेता यावा म्हणून पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारा सेट) मास्क कसा वापरता?

मी नोकरी सांभाळून पार्ट-टाइम फायरमनचं काम करतो, कॉल आला की हातातलं टाकून स्टेशन गाठायचं. काम जीव ओतून करायचंय, पण बीए सेटच्या ट्रेनिंगमध्ये चष्म्यापाशी गाडी अडलीये. नंबर मायनस पाच, चष्म्याशिवाय पुढच्या माणसाचा इशाराही नीट दिसत नाही, आणि चष्मा घातला की काड्या मास्कच्या रबराखाली येऊन कानशिलापाशी हवा लीक होते. फिट टेस्टला ते चालत नाही, आणि चालूच नये. दाढी नाहीये, मास्कचा साइझ बदलून, पट्टे आवळून पाहिलं, फरक नाही. सॉफ्ट लेन्स घातल्या की सील मस्त बसतं, पण रात्रीच्या कॉलला झोपेतून उठून लेन्स लावत बसायला वेळ कुठे असतो, आणि त्या घालून झोपायला डोळ्यांच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलंय. लेझर सध्या नको. मास्कच्या आत बसणारी बिनकाड्यांची फ्रेम मिळते, पण आमच्याकडे मास्क सगळ्यांचे कॉमन आहेत. ती वापरणाऱ्यांनी प्लीज सांगा, घाम आल्यावर फ्रेम हलते का, काचांवर वाफ धरते का, आणि कॉमन मास्कमध्ये ऐनवेळी पटकन बसवता येते का?