सल्ला हवा: अकरावीच्या वर्गात मध्य-महासागरी पर्वतरांगांचा विकास कसा शिकवावा?

भूगोल शिक्षक, औसा

नमस्कार. लातूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो. भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तेथे समुद्रतळावर पर्वतरांगा तयार होतात, एवढे मुलांना पाठ असते. पण त्या रांगा काळानुसार बदलतात कशा, हे सांगताना अटलांटिकचे ठरावीक चित्र फळ्यावर काढून थांबावे लागते. सुरुवात कोठून करावी आणि नकाशांसाठी कोणते विनामूल्य साधन वापरावे, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त प्राध्यापक (भूशास्त्र), छत्रपती संभाजीनगर

सर, अटलांटिक बाजूला ठेवून अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग रांगेपासून सुरुवात करा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाचे थर साचले आणि त्यानंतर, भूशास्त्राच्या हिशेबाने लगेचच, सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटून मधल्या भेगेत ही रांग आकाराला आली. तुमच्याकडे विहीर खणताना लागणारा काळा पाषाण आणि ही रांग एकाच कालखंडातील घडामोडींची आहेत, हे सांगितले की वर्ग आपोआप जागा होतो.

यंत्रणा शिकवताना घाई करू नका. भूपट्ट दूर सरले की खालचे प्रावरण वर चढते आणि त्यावरील दाब घटल्यामुळेच त्याचा काही अंश वितळतो. त्यासाठी वेगळी उष्णता लागत नाही. त्या शिलारसापासून सहा-सात किलोमीटर जाडीचे नवे कवच बनते. ते व त्याखालचे प्रावरण तप्त आणि म्हणून हलके असल्याने रांगेचा माथा समुद्रसपाटीखाली साधारण अडीच किलोमीटरवर उभा राहतो, तर माथ्यापासून दूर गेलेला तळ थंड होत खचत जातो आणि दहा कोटी वर्षांत पाच किलोमीटरहून खोल पोहोचतो. हिमालयासारख्या वळ्या पडून ही उंची आलेली नाही, हे मुलांकडून वदवून घ्या.

खरा विकास दिसतो तो वेगात. भारत झपाट्याने उत्तरेकडे सरकत होता तेव्हा कार्ल्सबर्ग रांगेवर तळ वर्षाला दहा सेंटिमीटरहून अधिक रुंदावत असे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाशी टक्कर सुरू झाली, वेग मंदावला आणि आज तो दोन-तीन सेंटिमीटरच उरला आहे. मंद रांगेच्या माथ्यावर खोल खचदरी असते, तर पूर्व पॅसिफिकसारख्या वेगवान रांगेवर ती जवळपास नसते आणि माथा सौम्य, फुगीर दिसतो. म्हणून रांगेचे आजचे रूप कायमचे समजू नये.

एम.एस्सी. विद्यार्थिनी, नांदेड

साधनाबद्दल सांगते. गुगल अर्थवर समुद्रतळ दिसतो, वर्गासाठी तेवढे पुरते. उंचीचा छेद काढायचा असेल तर संगणकावर जिओमॅपअ‍ॅप घ्यावे; तेही विनामूल्य आहे. रांगेला आडवा छेद घेतला की मधली दरी लगेच उठून दिसते. आपल्याकडची मुले किल्लारीबद्दल विचारणारच, म्हणून आधीच स्पष्ट करावे की ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप भूपट्टाच्या अंतर्भागातील होता, रांगेवरचा नव्हे.

भूगोल शिक्षक, औसा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रांगेच्या दोन्ही बाजूंना समुद्रतळाच्या खडकात आळीपाळीने उलट-सुलट दिशांचे जे चुंबकीय पट्टे आढळतात, ते अकरावीला झेपतील का?

निवृत्त प्राध्यापक (भूशास्त्र), छत्रपती संभाजीनगर

सिद्धान्त म्हणून जड जातील, गणित म्हणून नाही. १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी मांडलेली कल्पना दोन वाक्यांत सांगा: पृथ्वीचे चुंबकत्व उलटते आणि थंड होणारा बेसाल्ट त्या वेळची दिशा जपून ठेवतो. मग आलेख-कागद द्या. शेवटचा पालट सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीचा आहे, कार्ल्सबर्गवर तळ वर्षाला २.५ सेंटिमीटर रुंदावतो असे धरले तर त्यानंतर बनलेला मधला पट्टा १९.५ किलोमीटर रुंद येतो, आणि पूर्व पॅसिफिकसाठी १५ सेंटिमीटर धरले तर ११७ किलोमीटर. दोन्ही पट्टे एकाच प्रमाणात शेजारी-शेजारी काढून घ्यावेत.