मुलगी रोज सकाळी पोट धरून बसते, शाळेत जात नाही – मदत हवी आहे

काठावरचा:
तीन आठवडे झाले. शाळेचं नाव काढलं की मुलीचं पोट दुखायला लागतं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल. "काही नाही, शाळेत पाठवा" म्हणाले. पाठवू कसं? बूट घालायला बसते आणि नाडी हातात धरून तशीच बसून राहते. मला रोज कामाला उशीर होतोय. कुणाला असा अनुभव आहे का? लवकर सांगा, उद्या सकाळी परत तेच होणार.

पाऊलवाट:
वय किती? नेमकं कुठे दुखतं? सुट्टीच्या दिवशी दुखतं का?

मोरपीस:
जंतांचं औषध शेवटचं कधी दिलं होतं? माझ्या मुलाचं कितीतरी दिवस असंच चाललं होतं, त्या औषधाने थांबलं. आधी ते करा.

खडक:
दुखतंय म्हटलं की घरी ठेवलं, मग मुलांना कळतं की हे चालतं. आपणच त्यांना हळवं करून ठेवतो. मी मुलाला रोज पहाटे पोहायला घातलं, वर्षभरात कुरकुर बंद. वर्गात सोडा आणि मागे न बघता निघून या.

पाऊलवाट:
खडक, सगळ्यांना एकच औषध कसं लागू पडेल? मनावर ताण आला की आतड्यांच्या हालचाली बदलतात, खरीखुरी कळ येते. ते नाटक नसतं. शाळा जितकी बुडेल तितकं परत जाणं जड जातं, एवढं मात्र तुमचं बरोबर. धागाकर्ते, मी विचारलेल्याची उत्तरं द्या ना.

काठावरचा:
सात वर्षांची. बेंबीच्या आसपास दुखतं म्हणते. जंतांचं औषध दिलंय. रविवारी दुखत नाही. फक्त एका रविवारी आम्ही दोघं हॉस्पिटलमध्ये होतो, तेव्हा दुखलं.

शब्दवेडा:
बुडलेल्या अभ्यासाचं टेन्शन घेऊ नका. या वयात रोज अर्धा तास वाचन आणि थोडी गणितं केली तरी भरून निघतं. आम्ही तसंच केलं होतं.

पाऊलवाट:
हॉस्पिटलमध्ये? कुणासाठी?

काठावरचा:
बायकोसाठी. स्तनाचा कॅन्सर आहे, केमोचे दोन डोस झाले. मुलीला यातलं काही माहीत नाही, "आईला अशक्तपणा आलाय" एवढंच सांगितलंय. त्याचा पोटाशी काही संबंध असेल असं वाटलं नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

निळी_शाई:
दादा, तिला माहीत आहे. नाव माहीत नसेल, पण काहीतरी मोठं घडतंय हे कळलंय. माझी आई आजारी पडली तेव्हा मी आठ वर्षांची होते. मी खोलीत आले की मोठ्यांचा आवाज खाली यायचा. त्याआधी एकदा रागाने मी आईला "तू मला नकोच" म्हणाले होते, आणि त्यामुळेच ती आजारी पडली असं मी धरून चालले होते. कुणी काही सांगितलंच नाही, मग विचारणार तरी कुणाला?
तिला आजाराचं नाव सांगा. केस औषधाने जातात आणि उपचार संपल्यावर परत येतात हे सांगा. मग तीन गोष्टी अगदी स्पष्ट: हे तुझ्यामुळे झालेलं नाही, आईला बिलगलीस तरी तुला होणार नाही, आणि आई हॉस्पिटलमध्ये असेल तेव्हा तुझ्याजवळ कोण असेल, ते नावानिशी. "आई मरेल का?" असं तिने विचारलं तर खोटं वचन देऊ नका. डॉक्टर चांगले उपचार करतायत, काही बदललं तर तुला सांगू, असं म्हणा.

खडक:
सात वर्षांच्या मुलीला कॅन्सर सांगायचा? मला नाही पटत. मूल आधी कणखर व्हायला हवं.

मोरपीस:
हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातले तंटे, पालकांचे मानसिक आजार असं सगळं वाट्याला आलेल्या मुलांपैकीही साधारण एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली. त्यांच्यातल्या बहुतेकांना भरवशाचं एक तरी मोठं माणूस होतं. त्या माणसाने लपवाछपवी केली तर भरवसा राहील का? जंतांचं मी घाईत लिहिलं होतं, ते सोडा.

काठावरचा:
काल रात्री दोघांनी मिळून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, उठली आणि कंपासपेटी घेऊन आली. पट्टीखाली कागदाची पुडी होती, त्यात आईचे केस. रोज सकाळी आईच्या उशीवरून उचलून ठेवत होती. "परत लावता येतील म्हणून." बायको खूप रडली. मुलीने एकच विचारलं, "मी शाळेत असताना तू हॉस्पिटलमध्ये निघून जाशील का?" मग कॅलेंडर काढून केमोच्या तारखांना तिच्याच हाताने गोल करून घेतले.
आज सकाळीही दुखलं, पण अर्धा दिवस गेली. बाईंना किती सांगू?

निळी_शाई:
बाईंना सगळं सांगा. मध्येच रडू आलं तर तिला वर्गाबाहेर कुठे बसता येईल तेही ठरवून घ्या. वर्गातल्या मुलांना काय कळावं ते तिलाच विचारा. रोज एकाच माणसाने सोडावं, वेळ हळूहळू वाढवा. रात्री दुखण्याने जाग आली, उलट्या झाल्या किंवा वजन उतरलं तर परत डॉक्टरांकडे न्या. आणि बायकोच्या डॉक्टरांना समुपदेशकाबद्दल विचारा, बऱ्याच कॅन्सर विभागांत असतात.

काठावरचा:
विचारलं तिला. म्हणाली, बाईंना चालेल, शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला ती स्वतः सांगणार आहे. उद्या लवकर जाऊन बाईंना भेटतो.