मदत हवी आहे: लंडनमध्ये पावसाचा दिवस, सोबत आई

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन लंडनला चाललेय आणि शुक्रवारी दिवसभर पाऊस दाखवतायत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे छत्री धरून रस्त्यावर फिरणं तिला झेपणार नाही, पण हॉटेलवर बसवून तिचा दिवस वाया घालवायची माझी अजिबात इच्छा नाहीये. सकाळी ब्रिटिश म्युझियम करावं असं डोक्यात आहे, तिकीट लागत नाही, काचेच्या छपराखालचं मोठं अंगण आहे, शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं आणि आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पं तर तिला दाखवायचीच आहेत. पण तिथे व्हीलचेअर आधी सांगून ठेवावी लागते की गेल्यावर मिळते?

की त्यापेक्षा साउथ केन्सिंग्टन भागातली म्युझियम्स बरी? तिथल्या ट्यूब (भुयारी रेल्वे) स्टेशनपासून म्युझियम्सकडे जमिनीखालून बोगदा आहे म्हणजे भिजायचा प्रश्नच नाही, फक्त स्टेशनात पायऱ्या बऱ्याच आहेत असं ऐकलंय आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. दोन्ही एका दिवसात कोंबायचं नाहीये, आईला निवांत बघायला आवडतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा, बसने जावं की सरळ टॅक्सी करावी?