अनुभव धागा: आपला मुख्य दोष तुम्हाला कसा दिसला?

षड्रिपू सहा असले तरी प्रत्येकाच्या मनात त्यातला एखादाच ठाण मांडून बसलेला असतो. 'मला राग फार येतो' असं मी वीस वर्षं सांगत आले. या उन्हाळ्यात पर्समध्ये छोटी डायरी ठेवली. राग आला की वेळ लिहायची आणि त्याच्या जरा आधी काय झालं ते लिहायचं. पंधरा दिवसांनी वाचली. रागाची कारणं अशी: नको म्हटलं तरी पोह्यांवर तर्री घातली. मुलाने बर्डीऐवजी इतवारीतून दप्तर आणलं. दप्तर चांगलंच होतं! राग हा नुसता धूर होता. खालचा विस्तव 'सगळं माझ्याच म्हणण्याने व्हावं' हा. तुम्हीही लिहा. दुसऱ्याने दाखवलेला दोष नको, स्वतः पाहिलेला हवा.

धरमपेठेतून
नागपूरजवळ माहुरझरीच्या विपश्यना ध्यानकेंद्रात दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारला घंटा, बोलणं बंद, पहिले तीन दिवस फक्त श्वास. सहाव्या दिवशी तासभर न हलता बसायचं होतं. गुडघा ठणकत होता. डोळे किलकिले केले, तर पुढच्या काकांनी मांडी सोडली होती. माझ्या छातीत एकदम गार वाटलं. त्यांना दुखलं म्हणून मला बरं वाटलं! मत्सर आपल्याला कधी शिवला नाही, असं पन्नाशीपर्यंत समजत होतो. घरी आल्यावर पुतण्याची नोकरी हुकल्याचा फोन आला, तेव्हा तोच गारवा. आता तो लगेच ओळखू येतो. लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

महालातून
ताई, डायरीवरून आठवलं. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन 13 गुणांचा तक्ता आखून दर आठवड्याला एका गुणावर लक्ष ठेवायचे, चुकलं की काळा ठिपका. मी सगळे रकाने एकदम भरायला गेलो आणि काहीच कळेना. मग 'दुसऱ्याचं बोलणं तोडणं' एवढंच ठेवलं. पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत 11 ठिपके. त्यातले सात बायकोशी बोलतानाचे.

त्रिमूर्तीनगरातून
सासूबाई मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, भरती होत्या तेव्हा रात्री जाऊबाई जागल्या, डबे मी नेले. घरी आल्यावर आत्याबाई जाऊबाईंचं कौतुक करून राहिल्या होत्या. मी मोरीत घासलेलाच डबा पुन्हा घासत होते. 'डबे मी नेले' हे अगदी ओठांवर आलं होतं. तेव्हा कळलं, मला सेवेपेक्षा शाबासकीची भूक मोठी. महिनाभर कुणासाठी काही केलं तर सांगायचं नाही, असं ठरवलं. चौथ्याच दिवशी ह्यांना सांगून टाकलं.

मानेवाड्यातून
घरचे मला आळशी म्हणतात, मीही तेच धरून चाललो होतो. पण आळशी माणसाला झोप तरी लागते. फॉर्म भरायचा राहिला की माझं पोट आवळतं, रात्रभर कूस बदलतो. ती भीती आहे. एवढंच सापडलं, अजून सुधारलं काही नाही. कालचाही फॉर्म तसाच पडून आहे.