कोसॅक वाटाड्याची कुत्र्यांची घसरगाडी: बांधणी, ओझं आणि शिधा यांची नेमकी माहिती हवी

प्रश्न – पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका शाळेच्या प्रदर्शनासाठी नववीची मुलं ध्रुवीय मोहिमांचं दालन करताहेत. नेहमीचे नॅन्सन, अमुंडसेन बाजूला ठेवून त्यांनी गाडी हाकणारा माणूस घेतलाय: बॅरन टोलच्या रशियन मोहिमेतला (१९००–०२) कोसॅक स्तेपान रास्तोर्गुयेव. खऱ्या मापाची घसरगाडीही करायची आहे. तीन गोष्टी कळत नाहीत. कोसॅक म्हणजे झारच्या सेवेतले लढवय्ये; मग घोडदळाचे हे लोक कुत्र्यांच्या गाडीवर कसे? गाडी बांधायची कशी, लोखंड चालेल का? आणि एका गाडीवर माणसं जायची तरी किती लांब?

उत्तर – लेनाकाठ

कोसॅक म्हटलं की डोळ्यांपुढे घोडा येतो, पण याकुत्स्कचे कोसॅक वेगळे. टपाल पोचवणं, फरच्या रूपातली करवसुली, धान्याची वाहतूक, सरकारी पाहुण्यांना वाट दाखवणं ही त्यांची रोजची नोकरी. त्यामुळे बर्फ, कुत्री आणि याकूत भाषा तिन्ही अंगवळणी पडलेलं. कुत्र्यांची गाडी हाकणाऱ्याला तिकडे 'कायूर' म्हणतात. फलकावर हाच शब्द लिहा.

रास्तोर्गुयेवचं काम कळायला दोन प्रवास पुरेसे आहेत. ऑक्टोबर १९०० मध्ये टोल आणि मोहिमेतला नौदल अधिकारी कोल्चाक यांच्याबरोबर तो उत्तर सैबेरियातल्या तैमीरच्या किनाऱ्यावर शिध्याचा साठा पुरायला गेला. पुढच्या एप्रिलमध्ये लेफ्टनंट कोलोमेइत्सेवला घेऊन तो मोहिमेच्या 'झार्या' जहाजाच्या हिवाळी मुक्कामावरून येनिसे नदीच्या मुखाकडे, गोल्चिखाला निघाला. जहाजासाठी दगडकोळशाचे साठे उभारायचा निरोप पोचवायचा होता.

त्याच सुमारास टोल आणि कोल्चाक दोघेच तैमीरच्या उत्तर टोकाच्या चेल्युस्किन द्वीपकल्पाकडे निघाले, ४१ दिवसांसाठी. शरदात पुरलेला साठा घट्ट बर्फाखाली गेला होता. कित्येक दिवस खणूनही हाती लागला नाही. कुत्री खंगून मरत गेली आणि दोघांना स्वतः गाडी ओढावी लागली. तो साठा १९७३ मध्ये सापडला, आतलं अन्न खाण्याजोगं होतं. मुलांना हे जरूर सांगा. अन्न शाबूत होतं, फक्त हवं तेव्हा हाताला लागलं नाही.

उत्तर – रंधा

गाडीचं सांगतो. सैबेरियन 'नार्ता' बर्च लाकडाची असते. लांबी तीन मीटर, रुंदी ५०–६० सेंटिमीटर धरा. खाली दोन धावपट्ट्या, त्यांवर उभ्या खुंट्यांच्या तीन-चार जोड्या, वर फळ्या, पुढे आडवी कमान. ही कमान बर्फाच्या उंचवट्यावर आपटते तेव्हा धक्का ती झेलते.

खिळा एकही मारू नका. सगळे सांधे कच्च्या कातड्याच्या वादीने बांधलेले असतात. उंचसखल समुद्रबर्फावर गाडी पिळवटते. बांधलेला सांधा थोडा हलतो आणि परत जागेवर येतो, खिळ्याचा सांधा लाकूड चिरतो. वादी भिजवून आवळा, वाळली की आपोआप करकचते. तबल्याची वादी विकणाऱ्यांकडे मिळेल. बर्च मिळणार नाही, तेव्हा टिंबर मार्केटमधून सरळ रेषांचं हलकं लाकूड घ्या. सागवान जड होईल. कमानीसाठी बुरुड आळीतून ओला बांबू आणून वाकवा.

धावपट्टीला लोखंड नको, आणि याचं कारण प्रदर्शनात दाखवण्याजोगं आहे. कडाक्याच्या थंडीत घर्षणाने बर्फाचे कण वितळत नाहीत, गाडी वाळूत रुतल्यासारखी ओढावी लागते. म्हणून कायूर गाडी उलटी करतो, अंगरख्याच्या आत जपलेल्या बाटलीतलं पाणी अस्वलाच्या कातड्याच्या तुकड्यावर घेतो आणि लाकडावरून एका दमात हात फिरवतो. पातळ थर लगेच गोठतो, मग दुसरा, मग तिसरा. एकदम जाड थर दिला तर पहिल्याच उंचवट्यावर त्याचे टवके उडतात. पाणी गरम असेल तर आधीचा थर सुटतो. वसंतात उन्हाने हा लेप टिकत नाही, बर्फही मऊ पडतो, म्हणून रात्री चालायचं.

ब्रेक म्हणजे 'ओस्तोल': मीटर-सव्वा मीटरचा दांडा, टोकाला लोखंड. धावपट्टी आणि खुंटीच्या मधून खाली रेटायचा. थांबल्यावर तोच बर्फात ठोकून गाडी अडकवायची. लगाम नसतोच, दिशा आवाजाने द्यायची.

प्रश्नकर्ता – पाटीपेन्सिल

फार उपयोगी! कुत्री पंख्यासारखी पसरून जुंपायची की जोड्यांनी?

उत्तर – रंधा

पूर्व सैबेरियात जोड्यांनी. मधोमध एक लांब दोर, दोन्ही बाजूंना कुत्री, पुढे म्होरक्या. पंखा पद्धत ग्रीनलंडची. बर्फातल्या भेगेवर दोन्हींचा फरक कळतो. २१ फेब्रुवारी १९११ ला अंटार्क्टिकात ब्रिटिश मोहिमेचा प्रमुख स्कॉट याच्या गाडीची कुत्री याच मधल्या दोरासह भेगेत लोंबकळली. ओस्मान नावाच्या म्होरक्याने पुढच्या काठावर पाय रोवले आणि गाडी मागच्या काठावर थांबली, म्हणून बाकीची वर काढता आली. दोन कुत्री पट्ट्यातून निसटून खाली पडली होती. स्कॉट स्वतः दोराने उतरून त्यांना घेऊन आला. पंख्यात पुढची कुत्री पडली तरी बाकीची सुटी राहतात, पण दोर सतत एकमेकांत गुंततात.

रात्री पट्टे काढून उंच टांगायचे. भुकेलं कुत्रं चामडं खातं.

उत्तर – शिधापत्रक

तिसरा प्रश्न राहिला, आणि माझ्या मते तोच मुख्य. गाडी किती लांब जाईल हे कुत्र्यांचं पोट ठरवतं.

अमुंडसेनचं प्रमाण घ्या: कुत्र्यामागे दिवसाला अर्धा किलो पेमिकन (सुकं मांस आणि चरबी यांची वडी). १२ कुत्री म्हणजे ६ किलो, ४० दिवसांचे २४० किलो. खराब बर्फावर कुत्र्यामागे २५ किलो धरले तर गाडीचं ओझं ३०० किलो. उरलेल्या ६० किलोंत तंबू, इंधन, बंदूक आणि दोन माणसांचं ४० दिवसांचं जेवण बसवून पाहा. माणशी किलोभर धरलं तरी नुसतं जेवणच ८० किलो होतं. सुकी मासळी नेली तर वजन आणखी वाढतं, कारण तेवढ्याच वजनात ताकद कमी.

मार्ग तीनच. साठे आधी पुरून ठेवायचे, वाटेत सील किंवा अस्वल मारायचं, नाहीतर कुत्रं मारून बाकीच्यांना घालायचं. तिसरा मार्ग लपवू नका, मुलं समजून घेतात. अमुंडसेन १९ ऑक्टोबर १९११ ला दक्षिण ध्रुवाकडे ५२ कुत्री घेऊन निघाला, परत आली ११, आणि हे आधीच ठरलेलं होतं. नॅन्सन मार्च १८९५ मध्ये २८ कुत्री घेऊन जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाला, त्यातलं एकही उरलं नाही. चांगल्या कायूरचं कसब इथेच लागतं: कोणतं कुत्रं पंजे कापल्यामुळे लंगडतंय (त्याला कातडी बूट घालायचे) आणि कोणतं खरंच संपलंय, हे वेळेत ओळखणं.

फलकावरची एक चूक आत्ताच टाळा. १९०२ मध्ये आर्क्टिकमधल्या बेनेट बेटावरून परतताना टोलबरोबर बेपत्ता झालेल्यांत रास्तोर्गुयेव नव्हता. ते तिघे म्हणजे खगोलज्ञ झेबर्ग आणि स्थानिक वाटाडे निकोलाय द्याकोनोव व वासिली गोरोखोव. या दोघांचीही नावं फलकावर यायला हवीत. पुस्तकांतून बहुतेक वेळा 'टोल आणि त्याचे सोबती' एवढंच छापतात.