मदत हवी आहे: विजयदुर्गाला पुन्हा खग्रास सूर्यग्रहण कधी?

देवगड तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवते. १८ ऑगस्टच्या हेलियम दिनासाठी (१८६८ साली याच दिवशीच्या सूर्यग्रहणात हेलियमची पहिली खूण सापडली) मुलांकडून तक्ते करून घेतेय आणि एका प्रश्नापाशी अडलेय.

एका ठिकाणाहून खग्रास सूर्यग्रहण सरासरी ३७५ वर्षांतून एकदा दिसतं, असं वर्गात सांगितलं. लगेच एका मुलीने विचारलं, मग आपल्याकडे ३० वर्षांत दोन कशी झाली? खरंच आहे तिचं. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात चंद्राची सावली आपल्या किनाऱ्यावरून जमखंडी, गुंटूरकडे गेली आणि २२ जानेवारी १८९८ ची पुन्हा इथूनच जेऊर, बक्सरकडे. (विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर यांच्या निरीक्षणाचे चौथरे, या दुसऱ्या ग्रहणाचे. हेलियमच्या शोधाशी लॉकियर यांचं नाव जोडलं जातं, पण १८६८ साली ते इंग्लंडातच होते. तक्त्यावर हे नीट यायलाच हवं.)

त्यानंतर सव्वाशे वर्षं काही नाही. १९८० ला सावली कारवार-अंकोल्यावरून गेली, २००९ ला सुरतेवरून, २०१९ चं कंकण कासरगोडला. आपल्याला दर वेळी खंडग्रासच. २ ऑगस्ट २०२७ चंही तसंच, आणि तेही दिव्यांच्या अवसेला, भर पावसात.

विजयदुर्गाची पुढची ग्रहणं मुलांना स्वतः शोधता येतील असं काही आहे का? आणि ती सरासरी त्यांना पटेल अशी कशी सांगू?

प्रतिसाद १
ताई, नासाच्या ग्रहणांच्या संकेतस्थळावर अक्षांश-रेखांश टाकले की शतकवार यादी मिळते. मुलांनाच काढू द्या, उत्तर मी इथे सांगत नाही.
सरासरीसाठी जगाचा नकाशा घ्या आणि शंभर वर्षांतले खग्रासचे पट्टे (सावली जिथून जाते ती वाट) पेन्सिलीने काढायला लावा. पट्टा बहुतेकदा शे-दोनशे किलोमीटर रुंद, त्यामुळे बराचसा नकाशा कोराच राहतो. पण पट्टे एकमेकांना छेदतात आणि छेदावरच्या गावाला दोन ग्रहणं लागोपाठ मिळतात. अमेरिकेतल्या कार्बनडेलला २०१७ आणि २०२४, सात वर्षांत दोन! विजयदुर्ग असाच एका छेदावर आहे.

प्रतिसाद २
मुलांना प्रत्यक्ष काही दाखवायचं तर ३१ डिसेंबर २०२८ धरून ठेवा. खग्रास चंद्रग्रहण आहे, रात्री दहा-साडेदहाला चंद्र पूर्ण झाकलेला असेल. त्याला पट्ट्याची अट नाही, चंद्र वर असेल तिथे सगळीकडे दिसतं. थंडीचं आभाळही मोकळं असतं. पालकांची परवानगी तेवढी आधी घ्या.